चुन्याच्या डब्यावरची पट्टी

धंतोलीतील रुग्णालयांत मी पस्तीस वर्षे भूल देण्याची यंत्रे दुरुस्त केली. त्या यंत्रात रुग्णाने सोडलेला श्वास चुन्याच्या दाण्यांतून गाळून, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून, पुन्हा त्यालाच दिला जातो. म्हणून पाण्याखाली उतरणाऱ्या नौसैनिकांचा जुना श्वसनसंच भंगारात दिसला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. तत्त्व तेच. रबर कुजले होते, पितळ शाबूत होते. निवृत्तीनंतरची दोन वर्षे मी त्याला दिली. श्वासाची पिशवी नवी केली, झडपा बदलल्या, चुन्याचा डबा स्वतः घडवला.

मुलाचा पुण्याहून फोन आला.

"बाबा, नागपुरात समुद्र आहे का?"

"नाही."

"मग काहून करून राहिले हे? देऊन टाका कबाड्याले."

मी फोन ठेवला. पत्नीने मात्र अट घातली. "पाण्यात उतरान तेव्हा दोर मी धरीन. एक चूक झाली, का हे सारं कबाड्याच्या गाडीत. बोला."

मी मान्य केले. चूक होणार नव्हती.

तिच्या भावाची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. बागेत शेततळे, पाणी पुरुषभर. तो काठावर उभा राहून हसत होता.

"भाऊजी, माह्या तळ्यात मासे बी नाही. खाली काय पाहान?"

"घड्याळ."

वीस मिनिटे तळाशी बसायचे ठरले होते. नवव्या मिनिटाला धाप लागली, कपाळात ठोके पडू लागले. मी दोराला तीन हिसके दिले. दोघांनी मला काठावर ओढले.

डबा उघडला. दाणे जांभळे होते, म्हणजे चुना संपलेला. आदल्या दिवशी घरी खुर्चीत बसून चाचणी घेतली, तेव्हाच तो चुना संपला होता. संपलेला चुना विसावला की पुन्हा पांढरा दिसतो, काम मात्र करीत नाही. रंगावर विसंबू नका, डब्यावर पट्टी लावून वापरलेली मिनिटे लिहा, असे मी कित्येक नव्या तंत्रज्ञांना दटावले होते. स्वतःच्या डब्यावर पट्टी लावली नव्हती. चुना बदलला आहे, असे धरून चाललो. सकाळी दाणे पांढरे दिसले, तेवढे मला पुरले.

"काय झालं?" तिने विचारले.

नाकात पाणी गेले, असे सांगता आले असते.

"चूक झाली. माझी." आणि कोणती, तेही सांगितले.

तिने दोर गुंडाळला. "मिनिटं लिवाचे होते, येवढंच?"

"एवढेच."

"मंग मी लिहीन. तुमच्या भरोशावर नाही सोडत आता."

"अन् कबाडी?" भावाने विचारले.

"तू चूप राय गा."

पुढच्या रविवारी डब्यात नवा चुना होता आणि बाहेरच्या पट्टीवर तिच्या अक्षरातले शून्य. मी वीस मिनिटे पूर्ण केली. वर येताच तिने शून्य खोडून वीस लिहिले.

संच आता दिवाणखान्याच्या दाराशी ठेवला आहे. दिवाळीला मुलगा येईल. आत यायचे, तर त्याला तो ओलांडूनच यावे लागेल.