ब्रेक डाव्या पायाला

दिगंबर शेट्ये यांच्यावर अन्याय झाला तो ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर एका स्थानिक साप्ताहिकाचे गठ्ठे सुटले तेव्हा. पहिल्या पानाच्या तळाशी तीन ओळी होत्या. मांडवीतले निवृत्त ओव्हरसियर, जुन्या परदेशी मोटारसायकलचा नाद, वळणावर ताबा सुटला, जागीच... पुढचं वाचायची गरज नव्हती. मी तो अंक स्टँडवरच फाडला. कारण आदल्या दुपारी मी शेट्यांच्या पडवीत होते आणि दिगूकाका गाडीवर नव्हतेच. ते आरामखुर्चीत होते, मांडीवर चिंधी, हातात पुसून लख्ख केलेला प्लग. हयातीत ज्यांच्या चाकाखाली कोंबडीचं पीसही आलं नाही, त्या माणसाला छापखान्यातल्या कुणीतरी, पडवीपर्यंत येण्याचे कष्ट न घेता, वेगाने मारून टाकलं. काय घडलं ते मी सांगणार आहे. पण आधी माणूस सांगते, कारण बातमीत तोच राहून गेला.

आमची ओळख भांडणातली. शहरातल्या रस्त्यांच्या खड्ड्यांवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं आणि बांधकाम खात्याच्या दारात उभी राहून आत जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात कोंबत होते. बाकीचे साहेब घडी घालून खिशात टाकत. शेट्ये ओव्हरसियर मात्र तिथेच उन्हात उभे राहिले, चष्मा वर करून पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी ते वाचलं, मग माझ्या स्कूटरकडे पाहिलं. म्हणाले, “लिहितेस बरा. पण तेल जास्त घालतेस.”

“कुठे जास्त?” मी फणकारले.

“दोन्हीकडे. बघ, धूर किती येतोय तो. पेट्रोलात तेल निम्मा कर, म्हणजे गाडी धावेल. पत्रकातला पण निम्मा कर, म्हणजे आमचा साहेब शेवटपर्यंत वाचेल.”

मला राग आला. रविवारी सकाळी मात्र धूर सोडत त्यांच्या मांडवीतल्या घरापुढे पोचलेच. स्कूटर जुनी होती, गोल पाठीची, तिचा आराखडा मुळात इटलीतला. तेवढ्या नात्यावर मला पडवीत प्रवेश मिळाला. “ही आपल्या माहेरची हाय,” काकांनी जाहीर केलं. “पोर आगाव असली तरी गाडी घरातली हाय.” त्या दिवसापासून मी ‘पुढारी’ झाले. रविवार आला की काका फाटकातूनच ओरडायचे, “पुढारी आली गो, चहा टाक!”

त्या पडवीत दर रविवारी तीन गाड्या लागायच्या. एक काकांची, लाल, इटालियन, अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची. दुसरी आपटे वकिलांची, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली, काळी, अवजड इंग्रजी गाडी. तिच्या पोटातून तेल ठिबकायचं म्हणून काकांची बायको, सुमनकाकी, तिच्याखाली पितळी परात आणून ठेवत. तिसरी राजिवड्याच्या इक्बालभाई मुकादमांची, आपल्याकडेच बनलेली, दोन सायलेन्सरांची, आवाजाने अर्धी मांडवी जागी करणारी. इक्बालभाई बोटीवर इंजिन खात्यात होते. वर्षातून काही महिने समुद्रावर, उरलेले या पडवीत. “शंकराला अभिषेक वरून होतो,” ते परातीकडे बघून म्हणत, “वकिलांच्या देवाचा खालून.” वकील शांतपणे विडी पेटवत. “गळतं म्हणजे आत आहे, मुकादम. तुझ्या गाडीत आवाजाशिवाय काय आहे? आणि शेट्ये, तुमच्या त्या इटालियन बाईला सकाळी उठवायला किती आर्जवं! लाथ मारली की रुसते, गोंजारलं की शिंकते.” काका हसत. “वकीलसाहेब, खड्ड्यात गेलात की तुमची गाडी हाडा मोडते. माझी नाचते.” “खड्डे कोणाच्या खात्याचे, ते पुढारीला विचारा!” मग सगळे माझ्याकडे बघत आणि मी, पत्रकबाज पोर, चक्क हसत असे. असं सुख मला मोर्च्यात कधी मिळालं नाही, हे मोकळेपणी सांगते.

या चेष्टेतूनच शिकणं होई. गाडी खोलण्याआधी पुसायची, कारण मळ आत गेला की दोष कुणाचा ते कळत नाही. घराजवळ आलं की पेट्रोलचा कॉक आधीच बंद करायचा. नट शेवटपर्यंत पिळायचा नाही. “हाताला कळतो तो कुठे थांबायचा ते. तू भाषणात थांबत नाहीस, इथे तरी थांब.” नव्या जपानी गाड्या तेव्हा नुकत्याच येत होत्या. कॉलेजची पोरं त्या फाटकाशी आणून मुद्दाम चिवचिवाट करायची. काका त्यांनाही हिणवत नसत. चेन सैल असली तर हाक मारून ताणून देत.

लाल गाडी त्यांनी मुंबईत भाऊच्या धक्क्याजवळ, परदेशी निघालेल्या एका बोटीवरच्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. सुटे भाग इथे कुठे मिळायचे? इतर खलाशी सेंट, घड्याळं आणत. इक्बालभाई जिनोआच्या बंदरात उतरून काकांसाठी बेअरिंग शोधत आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणत. “आले माझ्या सवतीचे दागिने,” काकी म्हणायच्या, आणि मोजा धुवून परत द्यायच्या. एका बुशचं, म्हणजे आतल्या पितळी कड्याचं, मात्र काही केल्या जमेना, तेव्हा आम्ही सगळे थेट अलोऱ्याला गेलो होतो. तिथल्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत काकांच्या ओळखीचा एक लेथवाला होता. त्याने बुश हातात फिरवून विचारलं, “कुठल्या पंपाचा हो?” काकांचा चेहरा असा पडला की परतीच्या वाटेवर वकील दर चढणीला ओरडत होते, “शेट्ये, पंप चढतोय ना?”

या गाडीची एक खोड होती आणि सगळी गोष्ट तिच्यापाशी येते. तिचा गिअर उजव्या पायाला होता, ब्रेक डाव्या. इक्बालभाईंच्या गाडीचं बरोब्बर उलट. हौसेने चक्कर मारणारा प्रत्येकजण थांबायच्या वेळी उजवा पाय दाबायचा, गिअर बदलायचा आणि गाडी तशीच पुढे जायची. म्हणून काकांनी काकींच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून डाव्या पायाच्या ब्रेकला बांधली होती. गाडी कुणाला दिली की आधी म्हणायला लावत, “ब्रेक डाव्या पायाला.” आपटे वकीलसुद्धा शाळेतल्या मुलासारखं म्हणत.

दुसरी रीत पावसाळ्याची. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, पावसात तर नाहीच. मांडवीतल्या होड्या किनाऱ्यावर ओढून, मुशीचं तेल पाजून, नारळाच्या झापांनी शाकारतात, तशीच या पडवीत गाडीही शाकारली जायची. चाकं फळ्यांवर, चकचकीत भागांना तेच माशाचं तेल, सायलेन्सरच्या तोंडात काथ्याचा बोळा. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. वास असा सुटायचा की आळीतली मांजरं पडवीत मुक्कामाला यायची. एकदा तेल चढलं की मग कुणी हात लावायचा नाही. होड्या पाण्यात जातात त्या नारळी पौर्णिमेलाच गाडी निघणार, काका पुढे, काकी मागे, आधी मांडवीच्या जेटीवर नारळ, मग भाट्याच्या पुलावरून एक फेरी. मी कितीदा म्हटलं, काका, उघडीप आहे, काढा की जरा. “होडी काढतात काय? मग?” संपलं.

आता ती दुपार. आंब्याचे दिवस होते. काका माझ्या स्कूटरचा प्लग पुसत होते, इक्बालभाई समोर बसून वकिलांची नक्कल करत होते. हसता हसता काकांनी छातीवर हात ठेवला... आधी आम्हाला ते हसणंच वाटलं. मग काकींनी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही. शेजारच्या फोनला दिवसभर आवाज नव्हता. इक्बालभाई त्या दिवशी चालत आले होते, माझी स्कूटर खोललेली होती. डॉक्टरांना आणायला दारात उभी होती ती लाल गाडी. इक्बालभाईंच्या पहिल्या लाथेला सुरू झाली, आयुष्यात प्रथमच न रुसता. वरच्या आळीच्या वळणावर समोर बैलगाडी आली आणि बिचाऱ्या इक्बालभाईंचा पाय, जो आयुष्यभर उजवीकडे ब्रेक शोधत आला होता, उजवीकडेच गेला. गाडी दगडी गडग्यावर आपटली, ते शेतात जाळायला रचलेल्या कवळाच्या ढिगात पडले. उठले, गाडी तशीच टाकली आणि डॉक्टरांकडे धावत गेले. डॉक्टर आले, बघितलं, काकींना म्हणाले, “वहिनी, मी शेजारी बसलेला असतो तरी काही करता आलं नसतं.” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

पण वळणावर पडलेली लाल गाडी सगळ्या गावाने बघितली, संध्याकाळी शेट्ये गेल्याचं सगळ्या गावाने ऐकलं, आणि दोन गोष्टी जोडायला डोकं लागत नाही. साप्ताहिकात मी खुलासा घेऊन गेले. संपादक म्हणाले, यात बदनामी काय झाली, माणूस तर गेलाच ना? बदनामी काय झाली ते ऐका. गाडी अपशकुनी ठरली. पोरांना घराघरातून दम मिळाला. पुढे कुणीतरी इक्बालभाईंचं नाव त्यात घातलं, कुणी त्यात नको ते रंग भरले. इक्बालभाईंनी पडवीत येणं सोडलं. रविवारी वकील एकटेच यायचे, वाकलेलं हँडल सरळ करत बसायचे. चेष्टा करायला कुणी नसलं की इंग्रजी गाडीचं ठिबकणं ऐकू येतं.

जून लागला तसे काकांचे थोरले भाऊ मुंबईहून आले, सोबत भंगारवाला घेऊनच. दारात ही नको, म्हणाले. काकी पडवीत पदर खोचून बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले, आजूबाजूला चार मांजरं. वर न बघता म्हणाल्या, “भावोजी, हिला तेल लावून झालाय. आता नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी हात लावायचा नाय. ह्यांचा नियम हाय.” भंगारवाला मांडवीचाच, होडीवाल्याच्या घरातला. त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तो चहा पिऊन गेला. थोरले म्हणाले, ठीक आहे, नारळी पौर्णिमेनंतर येतो. त्या दिवशी निघाली नाही, तर नेतो.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्या स्कूटरवर मागे बसून राजिवड्याला गेल्या. इक्बालभाई ओट्यावर होते. आम्हाला बघून उभे राहिले.

“भाईजी, यंदा गाडी तुम्ही काढायची,” काकी म्हणाल्या. “मी मागे बसणार.”

“वहिनी, नको. तिच्याकडे बघितलं तरी माझा पाय थरथरतो.”

“थरथरू दे. चिंधी हाय ना बांधलेली? आणि मी इतकी वर्षं मागे बसून काय समुद्र बघत होते? डाव्या पायावर माझी नजर असेल.”

आतून त्यांच्या बायकोने सरबत आणून ठेवलं. मग इक्बालभाईंनी जमिनीकडे बघत विचारलं, “तेल लावलात?”

“लावला.”

“चाकं फळीवर?”

“हो.”

“सायलेन्सरात काथ्या?”

काकींनी माझ्याकडे बघितलं. “...राहिला.”

“अहो वहिनी! कुंभारीण घर करेल ना!” इक्बालभाई एकदम काकांच्या आवाजात ओरडले, आणि चपला शोधायला लागले.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. झापाखालच्या गाडीला हात लावत नाहीत, शेजारी बसतात. परवा वकिलांना परात पुढे सरकवून म्हणाले, “अभिषेक चुकतोय.” पडवीत अजून मुशीच्या तेलाचा वास आहे, मांजरं आहेत, आणि झापाच्या कडेखालून लाल चिंधीचं टोक दिसतं. त्या पडवीत बसलं की मला काका गेल्यासारखे वाटत नाहीत, फक्त गाडी निघायची वाट बघत असल्यासारखे वाटतात. समाधानी माणूस होता. त्याच्या मागे समाधान उरलं आहे. डाग तेवढा तुम्ही गाववाल्यांनी पुसायचा आहे.

म्हणून, या पत्रकात निम्मं तेल घालून, स्पष्ट सांगते. नारळी पौर्णिमेला तुम्ही जेटीवर नारळ घेऊन याल. लाल गाडी येईल, इक्बालभाई पुढे, सुमनकाकी मागे. तेव्हा वाट सोडा. शेजारचा कुणी ‘हीच ती’ असं पुटपुटला, तर कुजबुजीत नाही, मोठ्याने सांगा, की शेट्ये गाडीवरून पडले नाहीत, ते आपल्या पडवीत, मित्राच्या विनोदावर हसत गेले. आणि तोवर थांबू नका. तीन ओळींची ती बातमी तुम्ही ज्याला ज्याला वाचून दाखवली असेल, त्याच्या दारात आजच जा, आणि खरं काय ते सांगून या.