झाकण वाजेपर्यंत

त्या रविवारी प्रार्थना चालू असताना मी डोळे उघडले. दाराआड शेजारची गया बसली होती आणि तिचा हात डब्यात होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मुठीतली ज्वारी तिनं परत डब्यात सोडली आणि ती निघून गेली.

प्रार्थना आत्याबाई करत होत्या, माझ्या सासूबाई. पिंगळीत आमची पत्र्याची एकच खोली. रविवारी तीच चर्च. चार ख्रिस्ती घरं आणि शेजारच्या दोन-तीन बाया जमायच्या. शेवटची प्रार्थना आत्याबाईंची, आणि ती कधी संपेल याचा नेम नसे. गल्लीत त्यांना ‘लांब आमेनवाली’ म्हणत. “आईचं आमेन म्हंजे पॅसेंजर गाडी हाय,” माझा नवरा म्हणायचा, “पिंगळीला येती, पण कवा येती ते नका विचारू.” आत्याबाई हसायच्या आणि पुढच्या रविवारी तितकाच वेळ लावायच्या.

त्यांची दुसरी सवय मुठीची. निंदणी-वेचणीच्या मजुरीवर घर चालायचं. पण दळणाला ज्वारी काढली की पहिली मूठ दाराआडच्या पत्र्याच्या डब्यात जायची. घरात दोन दिवसांपुरतं धान्य असलं तरी ती मूठ चुकत नसे. “ही आपली न्हाई, प्रभूची हाय,” म्हणायच्या. प्रभूची ज्वारी कोण नेतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी परभणीच्या कॉलेजात शिकून आलेली. अर्धवट राहिलेलं पुस्तक डोक्यात असायचं आणि लांबलेल्या प्रार्थनेचा कंटाळा यायचा. त्या दिवशी डोळे उघडले ते त्या कंटाळ्यापायी.

गया गेली तरी प्रार्थना संपेना. आत्याबाईंनी आजाऱ्यांची नावं घेतली, मग पुन्हा तीच घेतली. पावसासाठी मागितलं, गुरांसाठी मागितलं. आवाज बसत चालला. त्यांची मान किंचित दाराकडे वळलेली दिसली, तेव्हा मला कळलं. त्या झाकण वाजायची वाट पाहत होत्या. इतकी वर्षं सगळ्यांचे डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्या बोलत राहिल्या होत्या. ज्याला गरज त्यानं न्यावं, झाकण लावावं, मग आमेन.

“आत्याबाई, आमेन म्हणा,” मी म्हणाले. “गया गेली.”

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, “तू पाह्यलंस?” मी मान हलवली.

“तिचा हात देवाला दिसला तर दिसू दे. तुला कशाला दिसावा, बाई?”

गयाचा नवरा कमरेतून गेलेला, अंथरुणावर. घरात दोन लेकरं, रेशन संपलेलं. त्याच संध्याकाळी आत्याबाई पदराखाली ज्वारी घेऊन गेल्या, तर “आमचं बरं चाललंय” म्हणून तिनं दार लोटलं. दोन दिवस तिच्या चुलीचा धूर दिसला नाही. आत्याबाई दर थोड्या वेळानं बाहेर येऊन तिच्या छपराकडे बघायच्या. माझ्याशी बोलणं कामापुरतं. आमच्या घरातलं सगळं मीठ त्यांनी पलीकडच्या घरी लोणच्यासाठी देऊन टाकलं आणि आम्ही अळणी कालवण खाल्लं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात वाटी दिली.

“जा, गयाला मीठ माग. खोटं मागायला नको, खरंच संपलंय.”

गया उंबऱ्यात उभी राहिली. मला तिनं बराच वेळ तसंच उभं ठेवलं. गल्लीतल्या बाया बघत होत्या. मी वाटी पुढे धरून होते आणि मला मान वर करता येईना.

“दुकान बंद हाय का, वैनी?”

“उघडं आहे,” मी म्हणाले. “पण आमच्याकडचं संपलंय. आत्याबाई म्हणाल्या, गयाकडूनच आण.”

ती आत गेली. मूठभर मीठ घेऊन आली. वाटीत सोडताना तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

रविवारी ती दाराआड येऊन बसली. मी डोळे घट्ट मिटले. आत्याबाई आजाऱ्यांच्या नावांवर होत्या. झाकण वाजलं. आमेन.

यंदा उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. मातीच्या वेळी पाळकांनी थोडक्यात प्रार्थना केली, ऊन फार होतं. गया माझ्याशेजारी उभी होती.

आता रविवारची शेवटची प्रार्थना मी करते. त्यांच्यासारखं बोलणं मला जमत नाही. नावं संपली की तीच पुन्हा घेते. डबा दाराआड आहे.