जिना चढल्यानंतरची नाडी

"पलंगावर निजलेल्या माणसाच्या हृदयावर विश्वास ठेवू नका, बाई." ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नौपाड्यात टिपणीससरांच्या रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. येत्या महिन्यात सर साठ वर्षांचे होत आहेत; त्यांच्या सत्कार-समारंभाच्या अंकासाठी हे लिहिते आहे.

यकृत कायमचं बिघडलं की रक्तवाहिन्या सैलावतात. हृदयाला काम हलकं जातं आणि कार्डिओग्राम चांगला येतो. शस्त्रक्रियेचा ताण पडला की तेच हृदय थकतं. असा एक रुग्ण हातचा गेल्यापासून सरांनी रीत पाडली. शस्त्रक्रियेआधी अशा रुग्णाबरोबर स्वतः एक जिना चढायचा आणि वर त्याची नाडी बघायची.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातले काशिनाथ आले, तेव्हा यकृत बिघडून पोटात पाणी झालं होतं आणि बेंबीपाशी हर्निया होता.

"आजार पोटात, आणि चढवता जिना," ते कुरकुरले.

"मीही चढतोय ना? दमलात तर मला धरा."

वर पोहोचेपर्यंत काशिनाथांना धाप लागली, पण नाडी जेमतेम वाढली होती. चढताना ती भरभर वाढायला हवी; वाढली नाही, म्हणजे हृदयाला ताण झेपत नाही. सरांनी शस्त्रक्रिया रद्द केली.

"यांनी दारूला हात लावला नाही हो कधी," काशिनाथांची बायको घाईघाईने म्हणाली.

"मी विचारलं का, वहिनी?"

मग त्या दोघांशेजारी पायरीवर बसून सरांनी, हा आजार बरा होणार नाही, हे सांगितलं. पुढे काशिनाथ घरीच वारले. तोवर दर रविवारी सर कोळीवाड्यात जात राहिले.

फार वर्षांपूर्वी रुग्णाला टोचलेली सुई बोटात शिरून सरांना कावीळ झाली. आज त्यांचंही यकृत तसंच झालं आहे. ते स्वतःच डोंबिवली-शहाडहून येणाऱ्या रुग्णांना हे सांगतात, म्हणून इथे लिहिते. समारंभानंतर ते हर्नियाची शस्त्रक्रिया करून घेणार आहेत. परवा चहाच्या वेळी आम्हाला स्वतःचा कार्डिओग्राम दाखवला. "बघा, घोड्यासारखं चाललंय."

"आणि जिना, सर?" मी विचारलं.

"माझं हृदय मला माहीत आहे, बाई. तुम्ही पेशंट बघा."

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते मी मनापासून चिंतते, पण नुसतं चिंतून माझी भीती जात नाही. सर, शस्त्रक्रियेआधी एकदा माझ्याबरोबर तो जिना चढा आणि वर मनगट माझ्या हातात द्या. तुम्ही नाहीच म्हणाल. तरी विचारते. दमलात तर मला धरा.