बंगल्याचं पुढचं दार

जवसाच्या तेलाचा वास आला की मला ती सकाळ आठवते. यवतमाळातल्या एका कापूस व्यापाऱ्याचा जुना बंगला आमच्या महिला मंडळाला मिळाला आणि चावी हातात पडताच आम्ही साऱ्या जणी पळतच निघालो. कुलपाशी झटापट झाली, पण चावी काही फिरेना. एवढ्यात आमच्यातल्या म्हाताऱ्या काकू खो खो हसत सुटल्या, "अवो बाप्पा, चाबी समोरच्या दाराची हाय! आपण मांगच्या दारी कायले आलो?" हळदीकुंकू असो की लग्न, त्या बंगल्यात बायका मागूनच शिरायच्या, पाय आपोआप तिकडेच वळले होते. मग एकमेकींना ढकलत आम्ही पुढं धावलो आणि ते उंच सागवानी दार धाडकन उघडलं! आजही दर दिवाळीला मी त्या दाराला तेल चोळते. मागच्या दाराची चावी मात्र आम्ही कधी मागितलीच नाही.