एवढा डाव होऊ दे

"गेला! गेला की रं तुझा उंट!" असं ओरडत अण्णा मांडीवर थाप मारायचे आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. समोरच्याचं मोहरं मारलं की टोपी गुडघ्यावर. आपलं गेलं की ती पुन्हा डोक्यावर, तीही पार भुवयांपर्यंत ओढून. त्यामुळे खोलीत शिरताच, पडद्याकडे न बघता, बुद्धिबळाचा डाव कुणाकडे झुकलाय हे मला कळायचं.

तासगावच्या अलीकडे एका गावात त्यांची द्राक्षबाग. माझं दुकान सांगलीत, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. काही गिऱ्हाइकं कशी असतात, तुम्हीही पाहिली असतील. बिघाड सांगायला फोन करतात आणि दुरुस्तीही स्वतःच सांगून मोकळी होतात. अण्णा त्यातले. दहातल्या नऊ वेळा चुकायचे, पण चुकले म्हणून आवाज खाली येईल तर शपथ.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो फक्त बुद्धिबळासाठी, आणि बुद्धिबळही एकाच माणसाशी. तो माणदेशातला मेंढपाळ. तरुणपणी दरवर्षी पाऊस सरला की तो कळप घेऊन खाली यायचा आणि अण्णांच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळायचं, त्याला धान्य मिळायचं, आणि बांधावर दोघांचा पट मांडला जायचा. खेळ त्याला अण्णांनीच शिकवला. पुढच्या वर्षी तो आला आणि त्यानं अण्णांना हरवलं. वर्षभर मेंढरांमागं हिंडताना हा मनातल्या मनात डाव खेळत होता, हे अण्णा मोठ्या रागानं आणि त्याहून मोठ्या अभिमानानं सांगायचे.

आता तो म्हातारा मुंबईत मुलाकडे असायचा. अण्णा त्याला 'मेंढक्या' म्हणायचे, तो अण्णांना 'शेट'. रविवारी दुपारी दोघं आपापल्या पडद्यापुढे बसायचे. मधे पट आणि कोपऱ्यात एकमेकांची तोंडं, म्हणजे भांडायला सोय. मोबाईलवर खेळा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "काडेपेटीवर कुस्ती व्हती व्हय रं?" अण्णा म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, ते मात्र सांगितलं नाही.

एका दिवाळीला ते साताऱ्याला लेकीकडे गेले आणि तिथंच बरेच दिवस रमले. परत आल्यावरच्या रविवारी त्यांचा फोन. "गड्या, लगोलग ये. चालू हुतंय, जरा दम धरतंय, आन् मरतंय!"

मी म्हटलं, "अण्णा, आज दुकान बंद. उद्या सकाळी येतो."

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. म्हणाले, "उद्या सकाळी मेंढक्याच्या छातीचं ऑपरेशन हाय. सांजच्याला दवाखान्यात न्हेणार हायत. डाव आजच झाला पायजे."

मी मोटारसायकल काढली.

वाटेत माझं मन उगाच हळवं झालं होतं. दोन म्हातारे, कदाचित शेवटचा डाव. गेलो तर अण्णा अंगणात पिंजऱ्यातल्या वाघासारखे फेऱ्या मारतायत. "आज त्याला हरवायचाच!"

"अण्णा, आजारी माणूस तो. जिंकू द्या की आजच्या दिवस."

"येडा का खुळा तू? जिंकून गेला तर सुखानं डोळं मिटंल. हरला तर बदला घ्यायला माघारी येतोय. मी वळखतो त्याला!"

मी बाह्या सारल्या.

बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पडदा उजळला, पट आला, कोपऱ्यात त्या म्हाताऱ्याचं मुंडासं दिसलं, "शेट" एवढंच ऐकू आलं आणि सगळं काळं. लगेच पुन्हा बटण दाबलं तर ढिम्म. वायर बदलली, प्लग बदलला. बटण अडकतंय का पाहिलं. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. दर वेळी तेच. अण्णा मागून सल्ले देत होतेच. "त्याला जरा इसावा दे, मग चालतंय जरा जास्त."

आणि या एका वेळी, काय सांगू, अण्णा बरोबर होते! विसावा दिला की जास्त वेळ चालतो, म्हणजे दुखणं उष्णतेचं. मी मागं हात लावला. वीज पुरवणारा लोखंडी डबा तव्यासारखा तापला होता, आणि त्याच्या पंख्यातून वाऱ्याची झुळूकही येत नव्हती. जाळीतून बॅटरी मारली. पंख्याच्या पात्यांना आणि चौकटीला धरून चिखलाची सुबक मडकी बसवलेली. अण्णा साताऱ्याला असताना कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं. पंखा फिरत नव्हता, डबा तापत होता आणि जीव वाचवायला स्वतःहून बंद पडत होता.

बिघाड सापडल्याएवढा आनंद या धंद्यात दुसऱ्या कशात नाही! मी पेचकस घेतला. एक ठोसा, चिखल खाली, पंखा मोकळा.

"थांब!" अण्णांनी माझं मनगट धरलं. "आत बाळं असत्यात तिची."

"अण्णा, चिखल आहे तो."

"व्हय. आन् चिखलाच्या आत?"

आता बघा, हा माणूस पटावर हत्ती काय, घोडे काय, वजीर काय, आरोळ्या ठोकत कापून काढायचा. पण जैनाघरचा जीव, सूर्य मावळल्यावर घासही न घेणारा. माशीच्या अळीवर पेचकस चालू नये म्हणून त्यांचा हात माझं मनगट सोडेना. एकीकडे मुंबईतला दोस्त, एकीकडे ती मडकी, आणि उन्हं कलायला लागलेली. नवा डबा सांगलीहून आणायचा तर जाऊन येईपर्यंत म्हातारा दवाखान्यात पोचणार.

"वारा पायजे ना तुला?" अण्णा एकदम उजळले. "वारा हाय की आपल्याकडं, रग्गड!"

बेदाण्याच्या शेडवर त्यांचा एक अजस्र उभा पंखा होता. आम्ही दोघांनी तो ओढत आणला, कॉम्प्युटरचा पत्रा उघडला, तो डबा बाहेर घेऊन वायरींसकट खिडकीत ठेवला आणि पंखा सोडला. अहो, काय झालं म्हणून विचारा! भिंतीवरचं कॅलेंडर सुटलं, अण्णांची टोपी उडून माळ्यावर गेली, अण्णांच्या पत्नी, काकू, पदर तोंडावर धरून "आवं, घर उडतंया!" म्हणत स्वयंपाकघरात पळाल्या. पण पडदा उजळला, आणि उजळलेलाच राहिला.

"शेट, वादळ आलंया का तिकडं?" कोपऱ्यातून आवाज आला.

"वादळ तुझ्याकडं निघालंय! प्यादं हलीव!"

असा डाव मी पुन्हा पाहिला नाही. टोपी नसल्यामुळे अण्णा नुसत्या मांडीवर थापा मारत होते. मी डब्यावर तळहात ठेवून बसलेलो, ताप चढतोय का बघत. एकदा चढलाही. अण्णांनी स्वतः उठून पंखा आणखी पुढं ढकलला आणि केस उभे राहिलेल्या अवस्थेत घोडा नाचवला. काकूंनी ताट वाढल्याची हाक दिली. सूर्य बागेच्या मांडवाला टेकला होता.

"एवढा डाव होऊ दे," अण्णा म्हणाले.

"दिवस बुडतोय. मग सकाळपत्तोर उपाशी ऱ्हाशिला."

"ऱ्हातो!"

सूर्य गेला. ताट तसंच झाकून ठेवलं गेलं. त्यानंतर थोड्याच वेळात अण्णांनी हत्ती शेवटच्या घरात नेला आणि राजाची वाट बंद केली. या वेळी त्यांनी आरोळी ठोकली नाही. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ते हळू म्हणाले, "मात. आता ये बदला घ्यायला."

पलीकडे म्हाताऱ्यामागं त्याचा मुलगा निघायची घाई करत होता. "येतुया," म्हातारा म्हणाला. "सोडत न्हाई तुला, शेट."

आणि आला की परत पडद्यावर! ऑपरेशन नीट झालं. मी कॉम्प्युटरला नवा डबा बसवला. जुना, मडक्यांसकट, अण्णांनी ओसरीवर ठेवला होता. एक दिवस दुकानात फोन आला, तोही आरोळीच: "गड्या, बाळं उडाली!" शेजारच्या गिऱ्हाइकाला कुणाचं लग्न जमलंय असं वाटलं.

बदल्याचे डाव मग वर्षभर चालले. म्हाताऱ्याला फार वेळ बसवेना, म्हणून मी त्यांना चालीला वेळेचं बंधन नसलेला डाव लावून दिला. जमेल तेव्हा एक चाल करायची आणि उठायचं.

गेल्या उन्हाळ्यात, बागेची खरड छाटणी चालू असताना, अण्णा बांधावर टेकले ते उठले नाहीत. मला आजही पटत नाही. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस इतका गुपचूप जातो?

सुतकाचे दिवस सरल्यावर काकूंनी मला कॉम्प्युटर घेऊन जायला बोलावलं. मी पोचलो तर मुंबईहून तो म्हातारा आला होता. त्याला मी पहिल्यांदाच पडद्याबाहेर पाहत होतो. उंच, काटक, काठीवर दोन्ही हात टेकून अण्णांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेला. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसला नाही.

"चालू कर," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. अर्धा राहिलेला डाव पडद्यावर आला. म्हाताऱ्यानं तो बराच वेळ निरखला. अण्णांचा वजीर पुढं होता, हत्ती मोकळा होता. मी वायरी काढायला वाकलो तसा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरा. चाल त्याची हाय."