ढेकीतला खड्डा बुजवणाऱ्या समितीस

शनिवार, २४ जानेवारी, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. गोंदियातल्या एका संग्रहालयात, शाळकरी मुलांना जिल्ह्याचा इतिहास दाखवायच्या कार्यक्रमात, माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीचा पांढरा मोजा चॉकलेटी झाला...

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. समितीचे सभासद ही पोस्ट वाचणार याची खात्री आहे, कारण काम सोडून बाकी सगळं ते मन लावून वाचतात.

आधी थोडं सांगते. सौंदडकडच्या आमच्या घरी सासूबाईंची भात कांडायची ढेकी होती. लांबलचक लाकूड, एका टोकाला मुसळ. दुसऱ्या टोकावर पायानं दाब द्यायचा आणि सोडायचा, की मुसळ खाली उखळात आपटतं. राइस मिल येण्याआधी घरादाराचा तांदूळ याच ढेकीतून निघाला.

पाय ठेवायच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. टाच कुठे, चवडा कुठे, हे हाताला कळावं इतकं. आधी सासूबाईंच्या सासूचा पाय, मग सासूबाईंचा. मी आले तोवर गावात मिल आलेली... माझ्या पायाचा त्यात काडीचा वाटा नाही.

संग्रहालयानं ढेकी मागितली तेव्हा सासूबाई देईनात. 'पोरं त्यात पाय ठेवून पाहतील,' असं मी म्हटल्यावर तयार झाल्या. रिटायर झाल्यापासून मी तिथे मुलांना वस्तू दाखवायला जाते. त्यांना तोफा-तलवारींचं काही नवल नसतं. पण बूट काढून त्या खड्ड्यात पाय ठेवला, की सगळ्यात दंगेखोर पोरगंसुद्धा आपली टाच जुळते का ते वाकून बघतं.

त्या शनिवारी सालेकसाकडची एक शाळा येणार होती. सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "मी बी येतो. पोरं कसे पाय ठेवतेत, पाह्यतो." नव्वदीला टेकलेली बाई, गुडघे धरत ऑटोत चढली.

ढेकी लांबून चकाकत होती. मला वाटलं, एकदाची कुणीतरी धूळ पुसली... मी मुलांकडे तोंड करून नेहमीसारखं सांगितलं आणि पुढच्या मुलीला म्हटलं, ठेव पाय. तिनं ठेवला आणि तो सर्रकन घसरला. मास्तरांनी धरली म्हणून बरं, नाहीतर लाकडावर आपटली असती.

ऑइल पेंट! चॉकलेटी, वर सोनेरी पट्टी. अजून नीट वाळलेलाही नाही. आणि खड्डा? खड्डा नव्हताच. लांबीची पुट्टी भरून, घासून, टेबलासारखा सपाट केलेला.

झालं असं, की त्या आठवड्यात नव्या दालनाच्या उद्घाटनाला पाहुणे आले होते. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे झाडाच्या बुंध्यापासून हापशापर्यंत जे उभं असेल त्याला रंग लागतो. ढेकी बिचारी आडवी होती, तरी सुटली नाही.

पेंटरला काय बोलणार... त्याला सांगितलं ते त्यानं केलं. "गड्डा था न मॅडम, खराब दिसत होता, भर दिया." सचिवांना विचारलं तर ते माझ्यावरच वैतागले. "पाहुण्यांसमोर जुनाट वस्तू कशी ठेवायची, मॅडम?" संग्रहालयाचे सचिव! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी त्यांना फूटपट्टी देऊन तो रंग खरवडायला बसवलं असतं आणि खरवडून होईपर्यंत डबा उघडू दिला नसता.

हे सगळं चालू असताना सासूबाई ढेकीभोवती हळूहळू फिरत होत्या. मग माझी बाही ओढून म्हणाल्या, "हे माही नाही वो. माही ढेकी कुठी नेली यायनं?"

मी सांगितलं, आई, तुमचीच आहे, रंग दिलाय. त्यांचा विश्वास बसेना. वाकून त्या जागेवर अंगठा दाबत राहिल्या... मुलं बघत होती, मास्तर बघत होते. "येथी माही सासू पाय ठेवे. मंग मी. बुजवून काऊन टाकलं?" हे त्यांनी सचिवांना विचारलं. रागानं नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

सचिवांनी काय करावं? शाल आणि नारळ मागवला! 'ढेकी देणाऱ्या मातोश्रींचा सत्कार' म्हणून फोटोही काढला, आणि संध्याकाळी तो संग्रहालयाच्या पेजवर झळकला. त्यात सासूबाई हसताना दिसत नाहीत. येताना ऑटोत एवढंच बोलल्या, "ढेकी बुजवली न नारळ देऊन राहिले."

आता कानावर आलंय, की मोज्याला लागलेला डाग पाहून समितीला रंगाचा 'दुसरा हात' मारायचा आहे. खबरदार! आधीच सांगून ठेवते. लांबी जितकी जुनी होईल तितकी ती लाकूड घेऊन निघेल, असं आमच्या ओळखीच्या सुतारानं मला स्पष्ट सांगितलंय. मशीन लावून घासलंत, तर तिच्याबरोबर खड्ड्याची कडही जाईल. दोन बायकांच्या उभ्या जन्माची तेवढीच खूण शिल्लक आहे. दोघींपैकी कुणाचाही साधा फोटोसुद्धा आमच्याकडे नव्हता, आणि आता जो निघालाय तो नारळासोबतचा...

सासूबाई रोज सकाळी विचारतात, "निघाला का गड्डा?" रोज काय सांगू?

म्हणून समितीनं लेखी कळवावं... रंग द्यायचा हुकूम कुणाचा होता, लांबी हातानं काढायला कोणता सुतार लावणार, आणि तो काम करत असताना सासूबाईंना शेजारी खुर्ची टाकून बसू देणार की नाही. फोनवर 'मॅडम, बघतो' चालणार नाही. शुक्रवार, ६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत सहीचं उत्तर घरी यायला हवं. नाही आलं, तर शनिवारी सकाळी ढेकी घरी न्यायला ट्रॅक्टर घेऊन मी संग्रहालयाच्या दारात उभी असेन.