रेसिफेच्या पत्त्यावरची इवानेते

ब्राझीलमधल्या रेसिफेच्या एका विमा कंपनीत इवानेते दाव्यांची कामं बघायची. घरून काम करायला कंपनीची हरकत नव्हती, मात्र देशाबाहेरून करायची सक्त मनाई होती. नवरा एदमिल्सन पोर्तुगालात बांधकामावर लागला, तशी तीही त्याच्या मागोमाग ब्रागाला आली. ऑफिसात तिनं अवाक्षर काढलं नाही. कागदोपत्री ती आईच्याच घरात राहत होती.

ब्रागात दिवस मावळला तरी रेसिफेत ऊन असायचं. मग खिडकीला जाड पडदा, तोंडावर पांढरा दिवा, अंगात बिनबाह्यांचा ब्लाउज आणि टेबलाखाली पायाशी हीटर, अशी ती मीटिंगला बसायची. "काय उकडतंय गं आज!" असं तिची वरिष्ठ वाल्देनिया पलीकडून म्हणाली, की इवानेते हातानं वारा घेत म्हणायची, "विचारूच नका." दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून धरायची.

तिकडचा किल्ला आई लढवायची. दोना क्रेउझा चर्चला जाणारी, खोटं बोलणं म्हणजे पाप मानणारी बाई. पण कंपनीचा माणूस नवा कॉम्प्युटर घेऊन दारात आला, तेव्हा तिनं बेधडक सांगितलं, "ती आंघोळीला गेलीय. द्या, मीच सही करते."

फोनवर मायलेकी यावर पोट धरून हसल्या होत्या.

"देवाला काय सांगशील गं?"

"सांगेन, की तूही आंघोळीलाच गेलास असं समजले!"

पुढे आईची किडनी बिघडली. इवानेतेला जायचं होतं, पण रजा मागायची तर कारण काय सांगणार? आजारी आई तर तिच्या शेजारच्याच खोलीत होती! वाल्देनिया म्हणालीसुद्धा, "नशीबवान आहेस. काम करता करता आईकडे बघता येतं. माझी आई हजार कोसांवर आहे." इवानेतेनं मान हलवली. दवाखान्याच्या खेपा थोरला भाऊ जोझिमार घालत होता.

"पुढच्या महिन्यात येते," ती त्याला म्हणायची.

"ये की. तोवर आईला थांबायला सांगतो," तो म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

आई थांबली नाही. एका गुरुवारी सकाळी गेली. लिस्बनहून सुटणाऱ्या विमानात शनिवारपर्यंत जागा नव्हती, आणि रेसिफेच्या उकाड्यात मातीला तेवढं कुणी थांबत नाही. जोझिमारनं व्हिडिओ कॉल लावून शवपेटीजवळच्या खुर्चीवर फोन टेकवून ठेवला. इवानेते स्वेटर घालून, गळ्याला मफलर गुंडाळून ब्रागातून आपल्या फोनवर बघत राहिली. एदमिल्सन कामावरून आला, तिच्या मागं जरा वेळ उभा राहिला आणि जेवण गरम करायला गेला.

तेवढ्यात फोनमध्ये, तिकडच्या दारातून फुलांचं चक्र घेऊन वाल्देनिया आणि ऑफिसातली आणखी तिघं आत आली. इवानेतेचा हात फोन बंद करायला गेला. पण आईचा चेहराही त्याच फोनात होता.

"इवानेते कुठाय?" वाल्देनियानं विचारलं.

जोझिमारनं खुर्चीकडे बोट केलं. "ती काय, बसलीय."

वाल्देनिया वाकली. स्वेटर, मफलर, सगळं तिनं पाहिलं. मग चक्र शवपेटीपाशी ठेवून ती बाजूला झाली.

सोमवारी तिचा फोन आला.

"राजीनामा तूच दे. मी काढून टाकलं असं लिहिणार नाही."

"माफ करा, वाल्देनिया. माझा नाइलाज होता."

"कंपनीला फसवलंस त्याचं मला फार नाही गं. मागच्या आठवड्यात तुझा फोन लागेना, म्हणून मी घरच्या नंबरावर केला होता. तुझ्या आईनं उचलला. बोलताना धाप लागत होती. मी म्हटलं, इवानेते आहे ना जवळ? तर म्हणाली, आहे की, आत माझ्यासाठी सूप करतेय. मग फार चव आहे हो तिच्या हाताला, असंही म्हणाली. मी घरी जाऊन माझ्या आईला फोनवर हे कौतुकानं सांगितलं."

त्या दिवशी जोझिमार कामाला गेला होता. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

इवानेतेनं राजीनामा दिला. आता ती ब्रागाच्या एका हॉटेलात चादरी धुते. मुकादमीण तिचे ब्राझिली हेल काढून दाखवते आणि बाकीच्या हसतात. रविवारी ती जोझिमारला फोन लावते. तो उचलत नाही. एकदा त्याच्या मुलीनं उचलला आणि आवाज दाबून म्हणाली, "आत्या, बाबा आंघोळीला गेलेत." पाठीमागून जोझिमारचं खोकणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बरं," इवानेते म्हणाली. "सावकाश होऊ दे."